बॅरलवरचा ठिपका

दोन्ही पेने काळी. दोन्हींची टोपणे मंद चमकीच्या स्टीलची, क्लिपवर बाण, आणि निब हुडाखाली दडलेली. टोक तेवढे बाहेर. पुण्यातल्या एका संग्राहकांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि विचारले, "सांगा, यातले थोरले कुठले?" मी टोपणे काढून निबा न्याहाळू लागले, तर त्यांनी दोन्ही पेने फिरवून त्यांच्या शेपट्या माझ्याकडे केल्या. एकीवर टोकापासून थोड्या अंतरावर केसाएवढी बारीक सांध होती आणि अगदी टोकाला राखी, मोतिया झाक असलेला छोटा खडा. दुसरीची शेपूट सलग, गुळगुळीत, गोलसर. "सांध आहे ते थोरले," ते म्हणाले. "इथून सुरुवात करायची. निबेकडे सगळ्यात शेवटी जायचं."

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘वस्तूंचे वय’ हा विषय दिला, तेव्हा पार्कर ५१ हे पेन मी निवडले ते दोन कारणांनी. एक तर मराठी मध्यमवर्गीय घरांत पार्कर ही जपून ठेवायची वस्तू होती. मॅट्रिकला चांगले गुण मिळाले, नोकरी लागली, लग्न ठरले, की ऐपत असलेला मामा किंवा काका पार्कर देई, आणि ते कपाटातल्या लॉकरमध्ये दागिन्यांशेजारी राही. दुसरे कारण असे की या पेनाचे वय घरातल्या गोष्टीवरून सांगितले जाते. आजोबांचे पेन, स्वातंत्र्याच्या आधीचे, अमुक साहेबांनी विलायतेहून आणलेले, असे. पेनाच्या अंगावर मात्र त्याचे वय स्वतंत्रपणे लिहिलेले असते. ते वाचता येते, फक्त कुठे आणि कसे पाहायचे ते ठाऊक हवे.

शाईसाठी घडवलेले पेन

पार्कर कंपनी सुरू झाली १८८८ मध्ये, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या जेन्सविल गावी. १९३९ हे तिचे एक्कावन्नावे वर्ष. नव्या पेनाचे काम त्या वर्षी तडीस गेले, म्हणून त्याचे नाव ५१. अमेरिकेच्या बाजारात ते आले १९४१ मध्ये, साडेबारा डॉलरला. त्या वेळी पेनासाठी ही मोठी रक्कम होती.

या पेनाचे प्रत्येक अंग एका शाईपायी असे झाले आहे. संस्थापकांचे चिरंजीव केनेथ पार्कर यांना कागदावर उमटताच वाळणारी शाई हवी होती, टीपकागद लागू नये इतकी चपळ. तशी शाई तयार झाली खरी, पण ती तीव्र अल्कधर्मी होती. तेव्हाची पेने सेल्युलॉइडची असत आणि ही शाई सेल्युलॉइड खाऊन टाकी. म्हणून बॅरल आणि हूड ल्यूसाइटचे केले. ल्यूसाइट म्हणजे ड्यूपाँ कंपनीचे ॲक्रिलिक. त्याच काळात ते लढाऊ विमानांच्या पारदर्शक भागांसाठीही वापरले जात होते. आता इतक्या लवकर वाळणारी शाई निबेवरही वाळणारच. त्यावर उपाय म्हणून निब हुडाने झाकली. हुडाच्या आत निबेभोवती बारीक पंखांच्या रांगा असलेला एक भाग बसवला. त्याला कलेक्टर म्हणतात. पेन हातात तापून आतली हवा फुगली आणि तिने शाई पुढे ढकलली, की जादा शाई या पंखांमध्ये अडकते आणि कागदावर डाग पडत नाही.

ही शाई १९४७ मध्ये थोड्या सौम्य रूपात, सुपरक्रोम नावाने आली आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर बंद झाली. पेन मात्र शाईला मागे टाकून सत्तरच्या दशकापर्यंत चालले. काही पेनांच्या आत, शाईच्या पिशवीवरच्या धातूच्या आवरणावर, सुपरक्रोम वापरण्याची सूचना कोरलेली सापडते. वय काढणाऱ्याला तेवढी एक ओळही पुरते: असे आवरण शाई बाजारात असतानाचे.

शेपटीकडून वाचायचे

सांध असलेल्या शेपटीचे पेन म्हणजे व्हॅक्युमॅटिक. सांधेपाशी फिरवले की मागचे छोटे टोपण निघते आणि आत एक दट्ट्या दिसतो. तो दाबला की बॅरलमधला रबरी पडदा ताणला जातो, सोडला की मागे येतो आणि शाई आत ओढली जाते. वेगळी पिशवी नाही, बॅरल हीच शाईची टाकी. अमेरिकेत या पद्धतीची ५१ पेने १९४१ ते १९४८ या काळात बनली.

त्या सात वर्षांतही पायऱ्या आहेत. अगदी सुरुवातीच्या पेनांत दट्ट्या ॲल्युमिनियमचा असतो. अमेरिका युद्धात उतरली, ॲल्युमिनियम विमानांकडे वळले आणि दट्ट्या प्लास्टिकचा झाला. पहिल्या वर्षातल्या काही पेनांच्या टोकांचे खडेही ॲल्युमिनियमचे. शेपटीलाही खडा असेल, म्हणजे टोपणाला एक आणि मागे एक, तर पेन व्हॅक्युमॅटिकच्या काळातले. संग्राहक त्याला ‘डबल ज्युवेल’ म्हणतात. पुढे मागचा खडा गेला आणि शेपूट साधी गोल झाली.

मध्येच, १९४६-४७ मध्ये, कंपनीने एक वेगळा प्रयोग केला. दट्ट्याऐवजी बटण दाबून शाई भरायची. या पेनांच्या शेपटीशी लाल धातूची पट्टी असे, म्हणून त्यांचे नाव ‘रेड बँड’. प्रयोग फसला आणि कंपनीने तो आवरता घेतला. आज रेड बँड हाती लागणे ही संग्राहकांसाठी मोठी गोष्ट असते, ती या अपयशामुळेच.

१९४८ मध्ये आली एरोमेट्रिक पद्धत. आता बॅरल फिरवून पूर्ण काढायचे. आत धातूच्या आवरणात पारदर्शक पिशवी आणि तिच्यावर दाबायची पट्टी. संग्राहकांनी दुसऱ्या, धाकट्या पेनाचे बॅरल काढून दाखवले. सत्तरहून अधिक वर्षांपूर्वीची ती पिशवी अजून लवचीक होती आणि तिच्यातून पलीकडचे बोट दिसत होते. पार्करने या प्लास्टिकला ‘प्लाय-ग्लास’ नाव दिले होते. रबराची पिशवी इतकी टिकत नाही. आत शिरलेली बारीक नळी सुरुवातीला चांदीची असे, आणि वरच्या बाजूला तिला सुईच्या टोकाएवढे भोक. विमान वर गेले, हवेचा दाब उतरला, की आतली हवा शाईला न ढकलता या भोकातून निघून जावी अशी योजना. विमानात शाई गळत नाही, ही तेव्हा जाहिरातीत मिरवण्यासारखी बाब होती.

शेपटी पाहून पेन १९४८च्या कुठल्या बाजूचे, हे एका नजरेत कळते. त्याहून बारीक उत्तर हवे तर भिंग लागते.

अंक आणि ठिपके

व्हॅक्युमॅटिक ५१च्या बॅरलवर कंपनीचे नाव आणि ‘मेड इन यू.एस.ए.’ अशी बारीक अक्षरे ठसवलेली असतात. त्यांच्याशेजारी एकच अंक. तो वर्षाचा शेवटचा अंक: ५ म्हणजे १९४५, ७ म्हणजे १९४७. आणि अंकाच्या आजूबाजूला ठिपके.

ठिपक्यांची पद्धत मला या साऱ्या कामात सर्वांत आवडली, कारण ती कारखान्यातल्या माणसाच्या सोयीतून निघाली आहे. वर्ष सुरू होताना ठशावर अंकासोबत तीन ठिपके असत. पहिली तिमाही संपली की एक ठिपका घासून टाकायचा; दुसरी संपली की आणखी एक; तिसरी संपली की उरलेला. वर्षभर एकच ठसा चालतो, नवा करावा लागत नाही. म्हणून तीन ठिपके म्हणजे जानेवारी ते मार्च, दोन म्हणजे एप्रिल ते जून, एक म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि एकही नाही तर वर्षाअखेरची तिमाही.

थोरल्या पेनावर भिंगाखाली ५ दिसत होता. संग्राहकांनी दिवा बाजूला, जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणला. समोरून पडणाऱ्या उजेडात अक्षरे सपाट दिसतात, तिरप्या उजेडात ठशाच्या कडांना सावली येते. अंकाच्या एका बाजूला ठिपका होता. पेन पाव इंच फिरवले तर दुसऱ्या बाजूलाही होता, अर्धा झिजलेला. म्हणजे एप्रिल ते जून १९४५. याच तिमाहीत, ७ मे रोजी, फ्रान्समधल्या रँस शहरात जर्मनीच्या शरणागतीवर सह्या झाल्या आणि त्यासाठी आयझेनहॉवर यांच्याकडची पार्कर ५१ पेने वापरली गेली. आमच्या समोरच्या पेनाचा त्या टेबलाशी काही संबंध नाही. पण ते बॅरल त्याच हंगामात घडले, एवढे तो अर्धा ठिपका सांगतो.

या वाचनात दोन खड्डे आहेत. ठिपका नाही याचे दोन अर्थ होतात: एक तर पेन वर्षाअखेरचे, किंवा ठिपका घासला गेला. आणि पेन चकचकीत करून विकण्याच्या हौसेत बफावर धरले की पहिल्यांदा ठिपकेच जातात. जुन्या पेनावरचे ओरखडे काढणाऱ्यांबद्दल मला राग आहे, तो यासाठी. ओरखडे गेल्याने पेन नवे होत नाही, फक्त मुके होते. दुसरा खड्डा दशकाचा. एकटा १ हा १९४१ही असू शकतो आणि १९५१ही. इथे पुन्हा शेपूट कामाला येते: सांध असेल तर १९४१, सलग असेल तर १९५१. अडचण ८ची. १९४८ मध्ये जुनी पद्धत संपून नवी सुरू झाली, त्यामुळे त्या वर्षाची दोन्ही प्रकारची पेने सापडतात आणि दोन्ही खरी असतात.

निळा हिरा

टोपणाकडे वळल्यावर पहिल्यांदा क्लिप पाहायची. चाळिशीच्या दशकातल्या बहुतेक ५१च्या क्लिपवर, बाणाच्या वर, निळ्या मिन्याचा छोटा चौकट-हिरा असे. तो शोभेपुरता नव्हता. हिरा म्हणजे जन्मभराची हमी. सेवेचे थोडे शुल्क घेऊन कंपनी असे पेन कधीही दुरुस्त करून देई. पुढे अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने पेन कंपन्यांच्या अशा हमीवर बोट ठेवले: शुल्क घेता, मग बिनशर्त हमी कशी म्हणता? १९४७च्या सुमारास हिरा क्लिपवरून उतरू लागला. त्यामुळे हिरा असलेली क्लिप चाळिशीतली, हे बऱ्यापैकी भरवशाने सांगता येते. मिना पुष्कळदा निघून गेलेला असतो. मग बोटाने चाचपायचे, खोलगट चौकट लागते.

थोरल्या पेनाच्या क्लिपवर हिरा नव्हता. चौकटही नव्हती. बॅरल १९४५चे, टोपण त्याच्यानंतरचे.

५१चे टोपण आट्यांवर फिरत नाही. बॅरलवरच्या अरुंद धातूच्या कड्यावर ते सरकवून बसते, म्हणून एका पेनाचे टोपण दुसऱ्याला सहज लागते. शाळेत, कचेरीत, घरात दोन ५१ असली की अदलाबदल होणारच. त्यात कंपनीची हमी. चेपलेले टोपण जेन्सविलला गेले की त्याच्या जागी चालू साठ्यातले नवे येई. याचा अर्थ, आज आपण ज्यांना भेसळीची पेने म्हणतो, त्यांतली काही खुद्द कंपनीने हिऱ्याला जागून तशी करून दिली आहेत. ‘सगळे भाग मूळचे’ हा विक्रेत्यांचा आवडता निकष मला त्यामुळे अपुरा वाटतो. पेन एका दिवशी पूर्ण होत नाही. त्याच्या प्रत्येक भागाला आपले वय असते, आणि पेनाचे वय विचारणाऱ्याने ते वेगवेगळे विचारायला हवे.

रंग

रंगावरूनही वय बऱ्यापैकी बांधता येते. सुरुवातीच्या पेनांत इंडिया ब्लॅक, निळसर सीडर ब्ल्यू, करडा डव्ह ग्रे आणि तपकिरी कॉर्डोव्हन ब्राउन हे रंग ठळक. काळा रंग शेवटपर्यंत राहिला, म्हणून काळे पेन रंगावरून काहीच सांगत नाही. सीडर ब्ल्यूचे एरोमेट्रिक कुणी विकायला आणले, तर हात आखडता घ्यावा. तो रंग व्हॅक्युमॅटिकच्या काळाचा. एरोमेट्रिकच्या काळात मरूनकडे झुकणारा बर्गंडी, फॉरेस्ट ग्रीन, टील, नेव्ही ग्रे, मिडनाइट ब्ल्यू हे रंग दिसतात. जांभळाच्या सालीसारखा प्लम हा रंग १९४९च्या आसपास थोडाच काळ होता. बर्गंडी आणि प्लम यांत घोटाळा होतो. संग्राहक दोन्ही खिडकीशी नेऊन दिवसाच्या उजेडात धरतात. ट्यूबलाइटखाली ठरवू नका, असे त्यांनी बजावले.

न्यूहेवनचे पेन

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, किंवा मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटला, जुन्या घड्याळांच्या आणि चष्म्यांच्या ढिगात कधीमधी ५१ दिसते. अशा ठिकाणी मी पाहिलेल्या पेनांत अमेरिकी थोडी, इंग्लिश जास्त. त्याचे कारण पैशात आहे. युद्धानंतर भारतासह स्टर्लिंग गटातल्या देशांना डॉलर जपून वापरावे लागत होते आणि अमेरिकी मालावर बंधने होती. पौंडात खरेदी करणे सोपे होते. पार्करनेही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या न्यूहेवन इथे ५१ बनवायला घेतले होते.

इंग्लिश पेनावर ‘मेड इन इंग्लंड’ असते. सोन्याचा मुलामा असलेल्या टोपणावर अमेरिकेत ‘गोल्ड फिल्ड’ लिहितात, इंग्लंडमध्ये ‘रोल्ड गोल्ड’. अंक-ठिपक्यांची सोय बहुतेक इंग्लिश पेनांवर नाही, म्हणून तिथे वय काढणे म्हणजे क्लिपचा घाट, आवरणावरचा मजकूर, टोपणाच्या टोकाची ठेवण यांची बेरीज करणे. उत्तर एका वर्षाचे येत नाही, पाच-सात वर्षांच्या पट्ट्याचे येते. साठीच्या दशकाअखेर इंग्लिश ५१चे रूप पालटले. संग्राहक त्याला मार्क दोन आणि मार्क तीन म्हणतात, आणि मार्क तीनचे टोपण पार्कर ६१च्या टोपणाशी मिळतेजुळते दिसते.

१९५७च्या सुमारास परकीय चलनाचा तुटवडा पडला, आयातीवर कडक निर्बंध आले, आणि मग विलायती पेन दुकानात मिळेनासे झाले. सुटे भागही मिळेनात. इथपासून ५१ भारतात दुरुस्ती करणाऱ्यांच्या हातांवर जगले.

हूड उघडल्यावर

पेठेतल्या एका जिन्याखालच्या दुकानात एक वयस्क कारागीर अजून ही पेने उघडतात. थोरले पेन घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो, कारण त्यात शाई भरली जात नव्हती. त्यांनी आधी ते कोमट पाण्यात ठेवले. मग केस वाळवायच्या ड्रायरने हूड तापवले, मध्येच गालाला लावून अंदाज घेतला. हुडाच्या सांध्यात लाख असते. ती मऊ झाली की हूड फिरते. जोर केला तर ल्यूसाइट तडकते, आणि तडकलेल्या हुडाला इलाज नाही. "लाख सांगते, आता फिरव. आपण घाई नाही करायची," ते म्हणाले.

हूड सुटले. आत कलेक्टरच्या पंखांत निळी-काळी शाई दगडासारखी बसली होती. निब बाहेर आली, एक छोटी सोन्याची नळीच, टोकाला चिरलेली. त्यांनी ती पुसून भिंगाखाली धरली. अमेरिकी निबेवरही पुष्कळदा वर्षाचा अंक असतो, पण तो हुडाखाली दडलेला, म्हणून पेन उघडल्याशिवाय दिसत नाही. संग्राहक शेपटीपासून सुरुवात करा म्हणाले होते, ते यासाठी. या निबेवरचा अंक बॅरलशी जुळला. दोन्ही १९४५ची. बाहेरून कुणाला न दिसणारा भाग मूळचा निघाला आणि सर्वांना दिसणारे टोपण नंतरचे.

मी विचारले, मराठी घरांतून येणाऱ्या पेनांत भाग किती बदललेले असतात? ते हसले. "ताई, गिऱ्हाईक पेन जपायला नाही आणायचं, लिहायला आणायचं. परवा मुलाचा पेपर आहे, उद्या द्या, असं. मग माझ्याकडं जे असेल ते लागायचं. स्पेशलची निब, दुसऱ्याचं हूड." स्पेशल म्हणजे १९५०ला आलेले स्वस्त ५१. त्याची निब सोन्याची नसून आठ धातूंच्या मिश्रणाची, ऑक्टेनियमची. सोन्याच्या निबेच्या ५१मध्ये ऑक्टेनियम सापडली, तर ती फसवणूक असेलच असे नाही. कुणाचा तरी पेपर वेळेवर सुटला असेल.

फसवणूक वेगळी असते. शांघायचे हीरो पेन ५१च्या घाटावर बनले आणि आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकांत शाळा-शाळांतून चालले. हीरो म्हणून ते उत्तम पेन आहे. पण त्याच्यावरचे नाव घासून पार्कर म्हणून विकतात. ओळख सोपी आहे: हूड काढल्यावर ५१ची ती गोल सोन्याची नळी बहुधा नसते. हूड न काढता पाहायचे तर क्लिपवरच्या बाणाची पिसे बघा. पार्करचे कोरीव काम नखाला लागते.

कारागिरांनी बॅरलमधून फाटलेला रबरी पडदा चिमट्याने काढला. तो कडक होऊन तुकडे पडत होते. नवा पडदा परदेशातून मागवलेल्या पाकिटातून काढून त्यांनी दट्ट्यावर बसवला. संग्राहकांकडे याच पेनासाठी निळ्या हिऱ्याचे एक टोपणही राखून ठेवलेले होते. ते लावले असते तर पेन बॅरलशी जुळणारे दिसले असते आणि त्याची किंमत वाढली असती. त्यांनी ते लावले नाही. पेनाच्या डबीत ठेवायच्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिले: बॅरल आणि निब १९४५, टोपण हिऱ्यानंतरचे, पडदा या वर्षीचा, आणि पुढे कारागिरांचे नाव. कारागीर म्हणाले, नाव कशाला? संग्राहक म्हणाले, पुढच्याला हा पडदा कोणी बसवला ते कळायला हवे. मग कारागिरांनी दौतीतली कॅमलची रॉयल ब्ल्यू भरली, दट्ट्या दहा-बारा वेळा दाबला आणि पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारून पाहिल्या. तिसऱ्या रेघेला निब चालली.